पहिलं ग्लेझ, पहिली भट्टी : सांगली-मिरजेत पॉटरी शिकणाऱ्यांसाठी

चाकावर पहिली बरी वाटी उभी राहिली की शिकणारा माणूस लगेच विचारतो, "याला निळा रंग देता येईल का?" येईल की. पण त्याआधी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. ही माती कुठली, आणि ती किती तापमानाला पक्की होते? निळा, हिरवा, तपकिरी हे सगळं त्यानंतर. माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेचा थर) आणि तापमान या तिघांचं जुळलं तर साधं पांढरं ग्लेझसुद्धा देखणं दिसतं. नाही जुळलं तर निळा रंग देणारा महागाचा कोबाल्टही भांडं वाचवत नाही. शिवाय जी भांडी वाया जातात त्यातली बरीचशी टेबलावरच बिघडलेली असतात, भट्टी ते फक्त उघड करते. म्हणून खाली टेबलावरच्या कामाबद्दल जास्त लिहिलंय आणि भट्टीबद्दल त्या मानानं कमी.

तुम्ही कुणाच्या तरी स्टुडिओत किंवा शिबिरात शिकताय, तिथं विजेवर चालणारी लहान भट्टी आहे आणि ती सगळ्यांत मिळून वापरली जाते, एवढं गृहीत धरलंय.

माती आधी ओळखा

आपल्या भागात शिकाऊ माणसाच्या हातात दोन प्रकारची माती येते. एक कुंभाराकडची, नदीकाठच्या गाळाची. माठ, कुंड्या, पणत्या सगळं हिचंच. हिच्यात लोह भरपूर, म्हणून भाजल्यावर लाल होते. कुंभाराच्या आव्यात ती साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि तेवढ्यावर तिचं काम भागतं. विजेच्या भट्टीत १००० पर्यंत ती सहसा कुरकुर करत नाही. ११०० च्या पुढं मात्र फुगायला, वाकायला लागते, आणि १२०० च्या पुढं नेलीत तर भट्टीतल्या शेल्फवर वितळून बसण्याचीच शक्यता जास्त. दुसरी माती पिशवीतून येते, ती स्टोनवेअरची. ही १२०० ते १३०० अंशांच्या दरम्यान पक्की होते. १००० ला काढली तर ती सच्छिद्रच राहते, पाणी पिते.

पिशवीवर तापमान छापलेलं असतं. नसलं तर विकणाऱ्याला विचारा, आणि त्यालाही सांगता आलं नाही तर ती माती घेऊ नका. दोन्ही मात्या एकाच खोलीत वापरात असतील तर भंगाराच्या बादल्या वेगळ्या ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. लाल मातीचा गोळा चुकून स्टोनवेअरमध्ये गेला आणि ते भांडं १२५० ला चढलं, तर भांड्याबरोबर शेल्फही जातं. शेल्फ महाग असतं, आणि ते सगळ्यांचं असतं.

स्थानिक मातीची आणखी एक खोड म्हणजे चुनखडे. इथल्या काळ्या रानात ते किती असतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. भाजताना त्या खड्याचा कळीचा चुना होतो. भांडं भट्टीतून छान, अखंड निघतं. मग हवेतली ओल पिऊन तो चुना फुगतो आणि काही दिवसांनी कपाच्या बाहेरच्या अंगाला टिकलीएवढी खपली उडते. तिथं खळगा पडतो आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. असा ठिपका दिसला की दोष ग्लेझला देऊ नका. माती पाण्यात पातळ कालवून साठ मेशच्या (इंचाला साठ भोकं असलेल्या) चाळणीतून गाळून घ्या, मग कापडावर वाळवून मळा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

कुंभाराकडं माती मागायला जायचं तर आधी फोन करून जा. संक्रांतीआधी सुगडं, उन्हाळ्याच्या तोंडाला माठ, मग बेंदराचे बैल, पाठोपाठ गणपती, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. त्या माणसाला रिकामा महिना असा फारसा नसतोच. पण घाई नसेल तेव्हा त्याच्याशेजारी बसायला मिळालं तर बसा. भाजलेलं मडकं बोटाच्या पेरानं वाजवून, "ह्ये बघा, ह्ये बोलतंय. आन् ह्ये मुकं हाय," असं सांगणारे मामा अजून भेटतात. मुकं म्हणजे आतून तडकलेलं किंवा कच्चं. बिस्क केलेली, म्हणजे ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेली, भांडीही अशीच वाजवून बघायची असतात. खणखणीत वाजलं तर घ्या, भद्द वाजलं तर त्यावर ग्लेझ खर्च करू नका.

वाळवणं

ज्या भांड्याला हात लावल्यावर गार लागतं ते वाळलेलं नाही. हाताला कळत नसेल तर गालाला लावून बघा. पावसाळ्यात सांगलीत भांडं बाहेरून पांढुरकं दिसत असलं तरी बुडाच्या जाडीत ओल राहते. अशा दिवसांत बूड वर करून, जाळीवर ठेवून वाळवा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात उलटा त्रास होतो. काठ आधी वाळतात, बूड मागं राहतं आणि मधे चीर पडते. तेव्हा पातळ प्लास्टिक सैलसर झाकून दोन-तीन दिवस सावकाश वाळू द्या. कपाच्या कानावर आणि जिथं माती जोडली आहे तिथं जास्त लक्ष ठेवा.

वाळलेली माती भाजल्यानंतर आणखी आटते. ओल्या मातीपासून पक्क्या स्टोनवेअरपर्यंत एकूण घट साधारण दहा-बारा टक्के धरा. चहासाठी नेमक्या मापाचा कप हवा असेल तर चाकावर तो थोडा मोठाच ओढावा लागतो.

बिस्क, म्हणजे पहिली भाजणी

कच्चं भांडं साधारण १००० अंशांना भाजून घ्यायचं. एवढ्या तापमानाला ते पाण्यात विरघळत नाही, हातात धरता येतं आणि तरीही पाणी शोषून घेतं. पुढं ग्लेझ चिकटतं ते या शोषण्यामुळंच. मातीतला कचरा, कुजकं द्रव्य, वायू हेही याच भाजणीत निघून जातात. बिस्क घाईत उरकलं की ते वायू नंतर ग्लेझमधून वाट काढतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

चढाव असा ठेवा. सुरुवातीला ८०-९० अंशांवर दोन-तीन तास, भट्टीचं भोक उघडं. भांडी जाड असतील तर जास्त वेळ. १०० ला पाण्याची वाफ होते, आणि ती कोंडली तर भांडं फुटतं. नुसतं फुटत नाही, शेजारच्या दोन भांड्यांत त्याचे तुकडे घुसतात. मग ६०० पर्यंत ताशी ८० ते १००. साधारण ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी सुटतं, आणि ५७३ ला मातीतला क्वार्ट्झ (गारगोटीचे कण) एकदम प्रसरण पावतो. थंड होताना त्याच ठिकाणी तो परत आकसतो. म्हणून चढताना आणि उतरताना या टप्प्यावर घाई नको. ६०० नंतर ताशी १५० नं गेलात तरी चालतं.

बिस्कला भांडी एकमेकांना टेकली तरी हरकत नाही, एकात एक ठेवली तरी चालतात. भट्टी दाबून भरा, वीज वाचते.

ग्लेझ म्हणजे नक्की काय लावताय

भांड्यावर वितळवून बसवलेली काच. कराडजवळच्या ओगलेवाडीत एके काळी ओगल्यांच्या कारखान्यात प्रभाकर कंदिलाच्या काचा बनायच्या. त्या काचेचा आणि तुमच्या कपावरच्या ग्लेझचा मुख्य घटक एकच, सिलिका. नुसती सिलिका वितळायला १७०० अंशांच्या वर तापमान लागतं, तेवढं आपल्या कुठल्याच भट्टीला झेपणार नाही. म्हणून तिच्यात वितळण्याला मदत करणारे पदार्थ घालतात, उदाहरणार्थ चुना, सोडा, पोटॅश, बोरॉन. पण एवढ्यावर काच ओघळून खाली येईल. ती उभ्या भिंतीवर धरून ठेवायचं काम अ‍ॅल्युमिनाचं, आणि तो चायना क्ले (पांढरी माती) आणि फेल्डस्पार (एक खनिज) यांतून मिळतो. सिलिका, वितळवणारा, धरून ठेवणारा. कुठलीही कृती वाचताना हे तिघं कुठं लपलेत ते आधी शोधा, मग कृती डोक्यात राहते.

जगभर स्टुडिओत वापरली जाणारी एक कृती पाठ करायला सोपी आहे. पोटॅश फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ म्हणजे सिलिका ३०, व्हायटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट २०, चायना क्ले १०. ही १२८० च्या आसपास वितळून पारदर्शक, किंचित निळसर किंवा हिरवट झाक असलेलं ग्लेझ देते. एक किलो कोरड्या भुकटीसाठी ४००, ३००, २०० आणि १०० ग्रॅम. रंगासाठी वरून घालायचं. कोबाल्ट ऑक्साइड अर्धा ते एक टक्का घातलं की निळा. विजेच्या भट्टीत कॉपर कार्बोनेट दोन-तीन टक्क्यांनी हिरवा. लाल आयर्न ऑक्साइड आठ ते दहा टक्के घातलं की गडद तपकिरी ते काळा. गॅसच्या भट्टीत हवा कोंडून भाजलं तर हेच तांबं लाल होऊ शकतं आणि एक-दोन टक्के लोह समुद्री हिरवं, पण विजेच्या भट्टीत त्याची आशा धरू नका.

तुमची भट्टी १२२० पर्यंतच जात असेल तर वरची कृती कोरडी, खरबरीत राहील. त्या तापमानाला बोरॉन लागतो. इथं बऱ्याच जणांना टाकणखार आठवतो, कारण हुपरीत चांदीला झाळ मारायला तो वापरतात आणि तो सहज मिळतो. पण टाकणखार पाण्यात विरघळतो. तो पाण्याबरोबर बिस्कच्या आत शिरतो, नाहीतर बादलीत त्याचे खडे धरतात, आणि प्रत्येक भांड्यावर प्रमाण बदलत जातं. बोरॉन फ्रिटमधून घ्या. फ्रिट म्हणजे तेच घटक आधीच वितळवून, काच करून दळलेले.

आणि शेंदूर. कमी तापमानाच्या जुन्या ग्लेझमध्ये शिसं वापरायचे, कारण त्यानं फार सुंदर चमक येते. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. कुणी कितीही भरवशानं सांगितलं, तरी वर्गात शेंदूर आणू नका, खाण्यापिण्याच्या भांड्यावर तर नकोच. शिसं अन्नात उतरतं आणि अंगात साठत जातं.

कालवताना नाकावर एन-९५ मास्क हवाच. क्वार्ट्झची कोरडी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, दगडखाणीतल्या कामगारांना होणारा सिलिकोसिस तो हाच. बादलीत आधी पाणी घ्या, त्यावर भुकटी अलगद सोडा. उलट केलंत की धूळ उडते. किलोभर भुकटीला लिटरच्या आसपास पाणी लागतं, पण आधी थोडं कमीच घ्या. रात्रभर भिजू द्या, दुसऱ्या दिवशी ऐंशी मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. खोली झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ग्लेझच्या टेबलावर चहा-वडापाव नको. उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, बादलीत निवळू द्या आणि खालचा गाळ परत वापरा. वेगवेगळ्या ग्लेझचा एकत्र झालेला गाळही टाकायचा नाही. त्याचं बहुधा एक मळकट तपकिरी ग्लेझ होतं, आणि कधीकधी तेच सगळ्यांत छान निघतं.

दाटपणा डोळ्यांनी ठरवू नका. शंभर मिलिलिटरचं माप घ्या, वजनकाट्यावर ठेवून शून्य करा, ग्लेझनं काठोकाठ भरा. १४० ते १५० ग्रॅम भरलं की बुडवण्यासाठी योग्य. कमी भरलं तर बादली एक दिवस राहू द्या आणि वरचं निवळ पाणी काढून घ्या.

फेल्डस्पार आणि क्वार्ट्झचे कण तळाला बसून दगडासारखे घट्ट होतात. सुरुवातीला एक टक्का बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी बारीक माती) घातला तर हा त्रास कमी होतो. तरीही प्रत्येक भांडं बुडवण्याआधी, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, तळापासून ढवळा. नाहीतर पहिल्या कपावर एक कृती बसते आणि पाचव्या कपावर दुसरीच.

सांगलीत तळमजल्यावर जागा असेल तर या सगळ्या गोण्या आणि डबे वरच्या फळीवर. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना याचं कारण सांगायची गरज नाही.

लावणं

आधी बिस्क ओल्या स्पंजनं पुसा, धूळ गेली पाहिजे. मग तासभर वाळू द्या. हात साबणानं धुतलेले हवेत. भडंग खाऊन त्याच बोटांनी कप उचललात, की त्या बोटांच्या जागी ग्लेझ धरत नाही. भट्टीत ते मागं सरकतं आणि उघडी माती दिसते. बऱ्याच "आपोआप आलेल्या डिझाइन"चं मूळ असं तेलकट असतं.

बुडाला ग्लेझ नको. घरातली लोणच्याची चिनी मातीची बरणी उलटी करून बघा. तळाचं कडं उघडं असतं, तिथं आतली माती दिसते. ती बरणी शेल्फला चिकटली नाही ती त्यामुळंच. आपणही कपाचं बूड आणि वर तीन-चार मिलिमीटर भिंत मोकळी ठेवायची, वाहणारं ग्लेझ असेल तर जास्त. त्यासाठी वितळवलेलं मेण ब्रशनं लावतात. मेण पातेलं थेट आचेवर ठेवून नको, पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. त्यात चिमूटभर हळद टाकली तर मेण कुठं लागलंय ते पिवळं दिसतं, आणि भट्टीत मेणाबरोबर हळदही जळून जाते. मेणाचा थेंब नको तिथं पडला तर खरवडून निघत नाही, भांडं परत बिस्क करावं लागतं. झाकणाच्या भांड्यात झाकण जिथं टेकतं त्या दोन्ही कडा मेणानं मोकळ्या ठेवा, नाहीतर भांडं कायमचं बंद.

कपाला आधी आतून लावतात. अर्धा कप ग्लेझ ओतायचं, गोल फिरवत बाहेर ओतून टाकायचं, एका दमात. थांबलात तर तिथं जाड थर बसतो. आतलं वाळू द्या. मग कप बूड धरून, तोंड खाली करून सरळ बुडवा. आत हवा कोंडलेली असते, म्हणून ग्लेझ आत शिरत नाही. मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा आणि बाहेर काढा. काढताना हलकासा झटका द्या, काठावरचा थेंब पडतो. काही सेकंदांत ओली चकाकी जाऊन थर मातकट दिसायला लागतो. बिस्कनं पाणी पिऊन टाकलेलं असतं.

थर किती झाला ते बघायला टाचणी टोचा. मिलिमीटर ते दीड मिलिमीटर हवा. पातळ असेल तर भाजल्यावर खरबरीत, जाड असेल तर ओघळ. बोटांच्या खुणा राहिल्या असतील तिथं ब्रशनं थेंब टेकवा आणि वाळल्यावर बोटानं हळू घासून सपाट करा. मेणावर साचलेले ग्लेझचे ठिपके ओल्या स्पंजनं पुसा. बूड पुसायचा कंटाळा करणाऱ्यामुळं बाकीच्यांची भांडी अडकतात, आणि हा भट्टी चालवणाऱ्याचा सगळ्यांत मोठा राग असतो.

ब्रशनं लावायचं असेल तर एक थर पुरत नाही. आडवा, उभा, परत आडवा, मधे वाळू देत. पण सुरुवातीला बुडवायलाच शिका.

कुठलंही नवं ग्लेझ थेट कपावर नको. त्याच मातीच्या, एल आकारात वाकवलेल्या पट्ट्या करून ठेवा, म्हणजे उभ्या राहतात आणि ग्लेझ किती ओघळतं ते कळतं. पट्टीचा वरचा अर्धा भाग दोनदा बुडवा. मागं आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून त्यानं नंबर लिहा. पेन्सिल किंवा स्केचपेन भट्टीत उडून जातं. आणि वही ठेवा : तारीख, माती, ग्लेझ, शंभर मिलीचं वजन, किती मोजेपर्यंत बुडवलं, भट्टीत वर की खाली, कुठला कोन (उष्णतेला वाकणारा सुळका, त्याबद्दल पुढं) पडला. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. ग्लेझ वाळल्यावर सगळी सारखीच पांढरी-गुलाबी दिसतात, आणि सहा महिन्यांनी त्या फोटोवरून काहीच कळत नाही.

भट्टी भरणं आणि चढवणं

शेल्फवर अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले अर्धं-अर्धं पाण्यात कालवून पातळ लेप दिलेला असतो. थेंब पडला तर तो लेपावर पडतो आणि छिन्नीनं निघतो. लेप उडाला असेल तर भरण्याआधी सांगा. दोन ग्लेझ केलेल्या भांड्यांत बोटभर तरी अंतर ठेवा, टेकली की जोडली गेलीच म्हणून समजा. जे ग्लेझ वाहील अशी शंका आहे त्या भांड्याखाली बिस्क केलेली मातीची चकती ठेवा. शेल्फच्या आधारांचे खांब तीन ठेवले की ते डुगडुगत नाही, चार ठेवले की डुगडुगतं. आधार एकावर एक सरळ रेषेत आले पाहिजेत. फायर ब्रिक, फायर क्ले, सिरॅमिक ब्लँकेट यांसाठी मुंबईला धावायची गरज नाही. कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यामुळं हे सामान पुरवणारी दुकानं आपल्या भागातच आहेत.

आता कोन. हर्मन झेगर यानं १८८६ मध्ये बर्लिनला ही पद्धत आणली आणि ती अजून चालते. हे छोटे सुळके मातीच्याच मिश्रणाचे असतात आणि ठरावीक उष्णतेला वाकतात. मीटर फक्त त्या क्षणाचं तापमान सांगतो. कोन तापमान आणि वेळ या दोन्हींचा मिळून परिणाम दाखवतो, आणि ग्लेझवरही तोच परिणाम होत असतो. नंबर नीट वाचा. ०६ म्हणजे साधारण १००० अंश, बिस्कचा. नुसता ६ म्हणजे साधारण १२२०. एका शून्यानं दोनशे अंशांचा फरक पडतो. दहा नंबर १२८० ते १३०० च्या दरम्यान. तीन कोन एका ओळीत लावा : हवा तो, एक त्याच्या आधीचा, एक नंतरचा. भोकातून बघताना वेल्डिंगचा काळा चष्मा लावा, आणि चेहरा भोकाला चिकटवू नका.

ग्लेझची भाजणी सुरुवातीला ताशी शंभर-दीडशेनं चढवा, मधे थोडी वेगात, शेवटचे शंभर अंश ताशी ६० ते ८० नं. वर पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं तिथंच थांबवा. त्या वेळात बुडबुडे फुटून पृष्ठभाग सपाट होतो. मग बंद.

विजेचा हिशेब सोपा आहे. भट्टी सहा किलोवॅटची आणि नऊ तास चालली तर जास्तीत जास्त ५४ युनिट. कॉइल मधून मधून बंद होत असल्यानं प्रत्यक्षात त्याहून कमीच. खर्च वाटून घेताना भांड्यांच्या संख्येवर नको, शेल्फवरच्या जागेवर वाटा. एक मोठी परात सहा कपांची जागा खाते. महावितरणचा देखभालीचा मेसेज आलाय का ते चढवण्याआधी बघा. मधेच वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नका. बंद भट्टी उष्णता बराच वेळ धरते, वीज आल्यावर आहे त्या तापमानापासून परत चढवता येतं. तुमच्या कंट्रोलरला हे आपोआप जमतं की बटण दाबावं लागतं, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

थंड होऊ द्या. बहुतेक लहान भट्ट्यांना रात्र पुरत नाही. १०० च्या खाली आल्यावरच उघडा. दोनशेला फट करून डोकावणारे असतात, आणि त्यांच्या ताटल्या "टण्ण" असा आवाज करून दोन तुकडे होतात.

उतरवल्यावर

बुडाला बोट फिरवण्याआधी कानस किंवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड फिरवा. भट्टीतलं ग्लेझ काचेच्या कपच्यासारखं कापतं.

मग दोष वाचा. ग्लेझ मागं सरकून माती उघडी पडली असेल तर तेल, धूळ किंवा फार जाड थर. सुईची भोकं असतील तर बिस्क कमी झालं किंवा वर पुरेसं थांबवलं नाही. बारीक जाळीदार तडे पडले असतील, आणि ते कधीकधी बाहेर काढल्यावर टिक-टिक करत पडतात, तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. कृतीत क्वार्ट्झ थोडा वाढवून परत पट्टी भाजा. उलट ग्लेझ काठावरून ढलप्यांसारखं सुटत असेल तर क्वार्ट्झ जास्त झाला, आणि ते भांडं खाण्यासाठी अजिबात वापरू नका, कपच्या अन्नात पडतात. खरबरीत, कोरडं राहिलं तर कमी तापलं, परत भाजता येतं. ओघळून चिकटलं तर ते भांडं गेलं, पण शेल्फ वाचवा.

माती पक्की झाली का ते असं बघतात. ग्लेझ न लावलेला, त्याच भट्टीतला तुकडा कोरडा असताना तोला, दोन तास पाण्यात उकळा, त्याच पाण्यात गार होऊ द्या, पुसून परत तोला. ३०० ग्रॅमचा ३०६ झाला तर दोन टक्के पाणी प्यायला, स्टोनवेअरला ठीक. ३३० झाला तर माती अजून कच्ची आहे, आणि त्यात ताक किंवा चहा ठेवलात तर बुडातून पाझरेल.

खाण्यापिण्याच्या भांड्याची आणखी एक चाचणी घरी करा. ग्लेझवर लिंबाची फोड ठेवून रात्रभर झाका. सकाळी तिथं रंग फिका किंवा निस्तेज झाला असेल तर त्या ग्लेझला आम्ल चालत नाही. असं भांडं फुलदाणी म्हणून ठेवा, चिंच, लोणचं, दही त्यात नको. तांबं आणि मँगनीज जास्त घातलेल्या ग्लेझवर ही चाचणी न चुकता करा. पण लिंबात पास झालं म्हणजे सगळं निर्धोक असं नाही. भांडी विकायची असतील तर आतल्या बाजूला साधं, रंग न घातलेलं, नीट वितळलेलं ग्लेझच ठेवा आणि सगळी रंगांची हौस बाहेरून करा.

कुंभाराकडची माती उरली असेल तर ती टाकू नका. गाळून, साईसारखी पातळ करून स्टोनवेअरच्या पट्टीवर लावा आणि १२५० च्या वर न्या. जी माती स्वतः भांडं म्हणून टिकत नाही, तीच तिथं वितळून अनेकदा तपकिरी ग्लेझ होते. पट्टी बिस्कच्या वाटीत ठेवून भाजा, म्हणजे वाहिलं तरी वाटीत राहील. गुऱ्हाळावरची चिपाडाची राखही अशीच तपासण्यासारखी आहे. उसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, लाकडाच्या राखेत चुना जास्त, त्यामुळं दोन्ही मिसळून बघा. राख चाळताना मास्क आणि रबरी हातमोजे घाला, ओली राख कातडीला चावते.

वर्गाच्या पुढं नीट, पद्धतशीर शिकायचं असेल तर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूट बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आहे. विट्याजवळचं आपलं खानापूर वेगळं, गाडीत बसण्याआधी हे लक्षात ठेवा. मिरजेहून बेळगावमार्गे लोंढ्याकडं जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हे दुसरं खानापूर लागतं. जाण्याआधी सध्या कुठले कोर्स चालू आहेत ते फोनवर विचारून घ्या, आणि जाताना पट्ट्या आणि वही बरोबर न्या.